सुमेध तांबे, आयडी होल्ड

माझ्या वॉशिंग मशीनमुळे एका चांगल्या कारागिराच्या पोटावर पाय पडला, असं मी म्हटलं की आमचे श्रीरंगराव लगेच दुरुस्ती करतात, "मशीनमुळे नाही, तुझ्या पत्रामुळे." एकेचाळीस वर्षांच्या संसारात या गृहस्थांनी माझं एक वाक्य जसंच्या तसं पुढे जाऊ दिलेलं नाही. या वेळी मात्र त्यांचं खरं आहे, आणि म्हणूनच मला त्यांचा जास्त राग येतो.

कारागिराचं नाव सुमेध तांबे. वय एकतीस, राहणार विरार पूर्व. ऑर्विन कंपनीची वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. करायचा म्हणू की करतो म्हणू, तेच मला कळत नाही. त्याच्याबद्दल सांगायचं तर आधी मशीनबद्दल बोलावं लागेल, नाहीतर माझं डोकं थंड व्हायचं नाही.

मशीन आमच्या मुलीने, अश्लेषाने, दिवाळीला पाठवलं. काचेचं गोल दार, मोबाईलला जोडलेलं. कपडे धुऊन झाले की फोनवर निरोप येतो. मी त्याच खोलीत भाजी निवडत बसलेली असते, तरी येतो. साडेतीन महिने सगळं गुण्यागोविंदाने चाललं. फेब्रुवारीत एका सकाळी ते मध्येच थांबलं आणि पडद्यावर 'ई चार' दिसायला लागलं. आत श्रीरंगरावांचे चार शर्ट साबणाच्या पाण्यात, दार कुलूपबंद, आणि मशीन टिंग टिंग करत बसलेलं.

कंपनीला फोन लावला. मराठीसाठी तीन दाबा म्हणाले, मी तीन दाबलं. "नमस्कार, मी जुई, आपली डिजिटल मैत्रीण," असं एक रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली आणि तिने मला अकरा मिनिटं ताटकळत ठेवून नव्या फ्रिजची जाहिरात ऐकवली. शेवटी खरा माणूस आला. तो हिंदीत बोलायला लागला.

"मैंने मराठी के लिए तीन दबाया था," मी म्हटलं.

"जी मॅम, आपका प्रेफरन्स नोट कर लिया है," तो म्हणाला, आणि पुढे हिंदीतच बोलत राहिला.

मी स्वतः टेलिफोन खात्यात तीस वर्षं काढली, त्यातली चौदा तक्रारींच्या टेबलावर. कानाला हेडफोन लावून दिवसभर लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पण ज्याचा फोन बंद आहे त्याला 'आपला फोन आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे' असं मी कधी ऐकवलं नाही. लाइनमन उद्या येईल, एवढं सांगायची. तो उद्या नाही तर परवा यायचा, पण यायचा.

आता पाण्याचं. आमची इमारत वसई पूर्वेला, सातिवलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. नळाला पाणी दिवसाआड, बाकी टँकर. ते पुरावं म्हणून आमचे सेक्रेटरी जितेश सकाळी नऊला गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करतात आणि संध्याकाळी साडेसहाला उघडतात. नऊच्या आत घरोघरी ड्रम, बादल्या, कळशा भरून होतात. इकडे याचं कुणाला नवल वाटत नाही. कंपनीचा माणूस येण्याच्या वेळा मात्र दहा ते सहा. म्हणजे नळाला पाणी असतं तेव्हा माणूस नाही, आणि माणूस असतो तेव्हा पाणी नाही. सकाळी आठला पाठवा म्हटलं तर उत्तर आलं, "मॅम, सिस्टममें वो स्लॉट नहीं है."

पहिला माणूस आला. दार सोडवून शर्ट तेवढे बाहेर काढून दिले. नळ उघडला, नळाने नुसता सुस्कारा टाकला. त्याने मोबाईलवर काहीतरी दाबलं आणि तो जिना उतरायला लागला. तो पहिल्या मजल्यावर पोचायच्या आत मला मेसेज आला, 'आमचे प्रतिनिधी आले तेव्हा आपण घरी नव्हता.' मी दारात उभी! जिन्यात वाकून ओरडले, "अरे, मी तुला पाणी दिलं की नाही प्यायला?"

खालून आवाज आला, "मॅडम, लिस्टमध्ये 'नळाला पाणी नाय' असा ऑप्शनच नाय. मी काय करू?"

दुसऱ्याने 'ग्राहकाने दुरुस्तीस नकार दिला' असं लिहिलं. माझ्या तोंडावर लिहिलं आणि वर मलाच म्हणाला, टेन्शन घेऊ नका. त्या दिवशी मी चादरी हाताने धुतल्या आणि संध्याकाळी पाठ धरली. श्रीरंगराव म्हणाले, "तुझ्या डिजिटल मैत्रिणीला बोलाव चेपायला."

तिसरा आला तो सुमेध.

बारीक अंगाचा, कंपनीचा निळा शर्ट, पाठीला त्याच्याहून रुंद पिशवी. दारातच बूट काढले. मशीनसमोर एक जुना फ्लेक्स उलटा करून पसरला, फरशी खराब होऊ नये म्हणून. मी भांडायच्या तयारीतच होते. पण त्याने मशीनकडे न बघता पहिला प्रश्न विचारला, "काकू, तुमच्याकडे पाणी किती वाजता असतं?"

दोन आठवड्यांत हा प्रश्न कंपनीच्या कुणीही मला विचारला नव्हता. मी वेळा सांगितल्या. त्याने खिशातून एक छोटी वही काढली, आमच्या इमारतीचं नाव लिहिलं, पुढे 'नऊच्या आत, साडेसहानंतर' असं लिहिलं. मी मान वाकडी करून बघितलं तर पानंच्या पानं भरलेली. कुठल्या इमारतीला मंगळवारी पहाटे, कुठे टँकर दुपारी अडीचला, कुठे फक्त तळमजल्याला दाब. वसई ते विरार, त्याच्या वाट्याला आलेल्या सगळ्या घरांचं पाणी त्या वहीत होतं. एका पानावर लिहिलेलं, 'वटार, फ्लॉसी आंटी, विहीर, केव्हाही.' मी हसले.

"तिकडचा कॉल लागला की सण असतो," तो म्हणाला. "पंप चालू केला की फुल प्रेशर. येताना आंटी केळी देते ती वेगळी. कंपनीला मी ही वही टाइप करून पाठवली होती. म्हटलं, ह्याप्रमाणे स्लॉट द्या, निम्मे कॉल एका फेरीत संपतील."

"मग?"

"उत्तर आलं, 'आपली तक्रार नोंदवली आहे.'"

तेव्हा आम्ही दोघं हसलो. ते उत्तर मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

ॲपने त्याला सांगितलं होतं, मशीनचं कार्ड बदला, म्हणजे आतली इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी. त्याने ते ऐकलं नाही. मागची पाण्याची नळी सोडली आणि तिच्या तोंडातून बोटाच्या पेराएवढी प्लॅस्टिकची जाळी चिमट्याने ओढून काढली. जाळी कसली, टँकरच्या गाळाचा गोळा. वर क्षाराचा पांढरा थर. त्याने तो नखाने खरवडला आणि म्हणाला, "कार्ड एकदम ठीक आहे. हिचा घसा बसलाय फक्त." मग त्याने माझ्याकडून वाटीभर गरम पाणी मागितलं, त्यात पुडीतलं लिंबूसत्त्व टाकलं आणि जाळी भिजत घातली. वीस मिनिटं थांबायचं होतं. मी चहा ठेवला.

चहा पिताना त्याची माहिती कळली. घराणं मूळ चिपळूणकडचं. वडील सातिवलीच्या एका केमिकल कंपनीत वॉचमन होते. कंपनी बंद पडली तेव्हा तिने शेवटच्या पगाराऐवजी त्यांना एक मोडकी वॉशिंग मशीन दिली. घरात नळ नव्हता, तर मशीन कशाला हवी? पण सुमेधने ती उघडली, जुळवली, आणि बादलीने पाणी ओतून चालवून दाखवली. तिथून आयटीआय, तिथून एका दुकानात आठ वर्षं, आणि चार वर्षांपूर्वी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला. बायको स्वप्ना घरी ब्लाउज शिवते. मुलगी तीन वर्षांची. तिला वॉशिंग मशीन म्हणजे टीव्ही वाटतो, तिच्यासमोर मांडी घालून बसते.

"पगार बरा आहे का?" मी विचारलं. आमच्या पिढीला हा प्रश्न विचारायची लाज वाटत नाही.

"पगार नाय काकू. कॉलवर असतं. ॲपमध्ये आयडी चालू असेल तर कॉल येतात." मग तो म्हणाला, "तुमचं मशीन दोनदा परत आलंय. आज माझ्या हातून गेलं आणि महिन्याच्या आत पुन्हा तक्रार आली, तर ते माझ्या नावावर रिपीट पडणार. ह्या महिन्यात माझे दोन रिपीट झालेत, दोन्ही कोरड्या नळाचे. तिसरा झाला की आयडी होल्ड."

"होल्ड म्हणजे?"

"म्हणजे घरी बसा. कॉलच येत नाय."

त्याने ते इतक्या साध्या आवाजात सांगितलं की माझाच चहा कडू झाला. ज्या माणसाने आल्याआल्या योग्य प्रश्न विचारला, त्याची रोजीरोटी माझ्या नळाला अडकली होती.

जाळी धुऊन बसवली. आता बारा मिनिटं मशीन चालवून त्याचा व्हिडिओ पाठवायचा, त्याशिवाय काम पूर्ण धरत नाहीत. घड्याळात पावणेतीन. नळ कोरडा. मी म्हटलं, झालं, आता ये साडेसहाला. त्याने नुसती पिशवी उघडली. आतून एक छोटा पंप काढला, गाड्या धुवायला वापरतात तसला, बॅटरीवर चालणारा. पंपाची एक नळी आमच्या ड्रममध्ये, दुसरी मशीनला. बटण दाबलं आणि मशीनने पाणी ओढायला सुरुवात केली. 'ई चार' गेलं. दोन आठवडे ज्याच्यासाठी मी जुईशी बोलले, ते पाणी भरण्याचं खळखळ ऐकून मला खरोखर भरून आलं.

ड्रम नसलेल्या घरांसाठी तो स्कूटरवर वीस लिटरचे दोन जार बाळगतो, तेही त्याने सांगितलं. सगळं स्वतःच्या खर्चाने. मी माझ्या मोबाईलवर त्याचा एक फोटो काढला, तो वाकून पंप धरून आहे असा. त्याचं लक्ष नव्हतं. व्हिडिओ घेताना मात्र त्याने पंप बादलीमागे सरकवला आणि वर फडकं टाकलं. मला वाटलं, पोरगा नीटनेटका आहे.

जाताना म्हणाला, "काकू, एक कोड येईल तो सांगा. आणि पाच स्टार द्या, बस. बाकी काही लिहू नका."

"अरे, का लिहू नको? चांगलं काम केलंस."

"नको काकू. स्टार पुरे."

मला वाटलं, लाजतोय.

इथे माझी चूक, आणि ती कुठल्या मातीतून आली तेही सांगते. आमच्या खात्यात स्टार वगैरे नव्हते. पण एखाद्या ग्राहकाने कर्मचाऱ्याबद्दल चार ओळी लिहून पाठवल्या, तर ते पत्र त्याच्या सर्व्हिस बुकात लागायचं आणि बढतीच्या वेळी साहेब ते काढून वाचायचे. मला असं एकच पत्र आलं होतं, नालासोपाऱ्याच्या एका डॉक्टरांचं. त्याची झेरॉक्स अजून माझ्याकडे आहे. चांगल्या कामाचं देणं कागदावर द्यायचं असतं, हे माझ्या हाडात मुरलेलं. पाच चांदण्या टेकवून मोकळं होणं मला अपमान वाटला, त्याचा आणि माझाही.

म्हणून मी लिहिलं. फोनवर एका बोटाने, पाऊण तास. कंपनीच्या ईमेलला पाठवलं. 'श्री. सुमेध तांबे हे आपल्या कंपनीचे भूषण आहेत. आमच्या भागात दिवसा नळाला पाणी नसते. श्री. तांबे स्वतःच्या खर्चाने घेतलेला पंप व पाण्याचे जार घेऊन हिंडतात आणि ग्राहकांच्या घरातील साठवलेल्या पाण्यावर मशीन चालवून दाखवतात. अशा कर्मचाऱ्याची योग्य ती दखल घ्यावी.' खाली तो फोटो जोडला. श्रीरंगरावांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "एवढं कौतुक माझं केलं असतंस तर मी शर्ट स्वतः धुतले असते."

दुसऱ्या दिवशी मेसेज आला, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' मी म्हटलं, यांच्याकडे सगळ्याला तक्रारच म्हणतात. सहा दिवसांनी दुसरा आला, 'आपल्या तक्रारीची दखल घेऊन संबंधित तंत्रज्ञावर योग्य ती कारवाई करण्यात आली आहे.' मी तो अभिमानाने श्रीरंगरावांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर करून वाचला. "कारवाई हा शब्द बरा नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, भाषांतर आहे, बक्षीस दिलं असेल.

त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या बाईंचं मशीन बिघडलं. मी मोठ्या तोऱ्यात सुमेधला फोन लावला, म्हटलं कंपनीत सांगून हा कॉल तू घे.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही काय लिहिलंत?"

दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून सातिवलीला गेले. गोदामांच्या ओळीत एका गाळ्यात त्यांचं सर्व्हिस सेंटर. आत मशीन एकावर एक रचलेली आणि मध्ये टेबलाला केनी नावाचे मॅनेजर. चाळिशीचे, वसई पश्चिमेचे, बोलायला सभ्य. मी नाव सांगताच त्यांनी कपाळाला हात लावला आणि काँप्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. मी काढलेला फोटो होता. पंपाभोवती लाल गोल.

"मॅडम, तुमचं लेटर मी वाचलं. मस्त लिहिलंय," केनी म्हणाले. "पण वाचणारा मी एकटाच. वरती लेटर मशीन वाचतं. मराठीचं इंग्लिश झालं, इंग्लिशची समरी झाली. ही बघा."

तीन वाक्यं होती. तंत्रज्ञाने कंपनीबाहेरचं यंत्र वापरलं. ग्राहकाच्या घरातलं साठवलेलं पाणी वापरलं. ग्राहकाने पुरावा म्हणून फोटो जोडला आहे. तिन्ही वाक्यं खरी होती. त्यांतलं एकही मी तशा अर्थाने म्हटलेलं नव्हतं.

"बाहेरचा पंप चालत नाय," केनी म्हणाले. "शॉक लागला, लीकेज झालं तर कोण बघणार? रूल आहे. सगळ्यांना माहितीये तो वापरतो. मला पण माहितीये. नाय वापरला तर माझे अर्धे कॉल बंदच होणार नाहीत. पण माहिती असणं वेगळं, आणि फोटो येणं वेगळं."

"मग त्यांना सांगा की हे कौतुक होतं."

"कौतुकाचं खातंच नाय ना मॅडम. ईमेल आला की तो तक्रार. पंधरा दिवस होल्ड लागलाय. तुम्ही आता काही करू नका, प्लीज."

पण गप्प बसेन तर मी कसली. घरी येऊन पुन्हा फोन लावला. तीन दाबलं, जुईला ऐकलं, माणूस आला. मी सांगितलं की मला माझी तक्रार मागे घ्यायची आहे, ती तक्रार नाहीच. तो म्हणाला, "मॅम, विथड्रॉ करने का ऑप्शन नहीं है. आप कार्रवाईसे सॅटिस्फाइड हैं या नहीं, इतना बता सकती हैं."

"नहीं हूँ!" मी इतक्या जोरात ओरडले की श्रीरंगराव वर्तमानपत्र टाकून आत आले. "बिलकुल नहीं हूँ! ये अन्याय है!"

"जी मॅम, आपकी नाराजगी हम ऊपर भेज रहे हैं."

मला हुश्श वाटलं. दुपारी मेसेज आला. 'आपण झालेल्या कारवाईबाबत असमाधानी असल्याने प्रकरण वरिष्ठांकडे पाठवले आहे. तंत्रज्ञाचा होल्ड तीस दिवसांचा करण्यात आला आहे.' मी तो मेसेज श्रीरंगरावांना दाखवला. या खेपेला ते काहीच बोलले नाहीत. एकेचाळीस वर्षांत प्रथमच, आणि मला त्याचीच भीती वाटली.

त्यानंतर रोज सकाळी अकराच्या सुमाराला जुईचा फोन यायला लागला. झालेल्या कारवाईने समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन दाबा. मी दोन्ही न दाबता फोन ठेवायची. एक दाबणं म्हणजे त्या पोराला झालेली शिक्षा मला पसंत आहे असं सांगणं. दोन दाबून काय होतं ते बघितलंच होतं. असे चार दिवस गेले. मला वाटत होतं, मी काही न दाबून निदान नुकसान तरी वाढू देत नाहीये.

पाचव्या दिवशी केनींकडून पत्ता घेतला आणि विरारला गेले. चाळीतली एक खोली, दिवसाढवळ्या दार आतून बंद. कडी वाजवल्यावर आत काहीतरी लपवल्याचा आवाज झाला, मग दार उघडलं. मला बघून सुमेधने पलंगाखालून शेजाऱ्यांचा मिक्सर परत बाहेर काढला. कंपनीचा माणूस बाहेरचं काम करताना दिसला तर आयडी कायमचा जातो, म्हणून दार लावून करत होता. स्वप्ना शिलाई मशीनवर होती. तिने पाय थांबवला.

"ह्याच का त्या?" तिने त्याला विचारलं.

तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि समोर उभी राहिली.

"काकी, एक विचारू? ह्यांनी तुम्हाला सांगितलं होतं ना, काही लिहू नका?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

"मग तुम्ही शिकलेली माणसं ऐकत का नाही? आमचं भलं कशात आहे ते आम्हाला माहिती नसतं का?"

तीस वर्षांत हेडफोनवर मी कितीतरी लोकांचा राग ऐकला, पण त्यातला एकही माझ्या चुकीसाठी नव्हता. मी तिला म्हटलं, "चुकलं माझं. तुझ्या नवऱ्याचं चांगलं व्हावं म्हणून लिहिलं ग." ते बोलताना माझं मलाच कळलं की चांगलं त्याचं कमी आणि माझं जास्त व्हायचं होतं. एक छान पत्र लिहिल्याचा आनंद घ्यायचा होता मला.

सुमेधने मिक्सरचं भांडं बाजूला ठेवलं. "काकू, तुम्ही तो फोन उचलता ना रोज? काय दाबता?"

"काही नाही. मी तुझ्याविरुद्ध काही दाबणार नाही."

त्याने एकदा स्वप्नाकडे बघितलं, मग हळू आवाजात, समजुतीने मला सांगितलं. "तुम्ही काही दाबत नाही तोवर केस उघडी राहते. केस बंद झाल्यापासून तीस दिवस मोजतात. हे चार दिवस फुकट गेले. पाच दिवस उत्तर नाय आलं तर चौकशी लावतात, मग आयडीचं काय होईल ते सांगता येत नाय. आज पाचवा आहे."

"तू मला फोन करून का नाही सांगितलंस?"

"ग्राहकाला उत्तराबद्दल फोन केला तर तो पण रूल आहे."

अकराला दहा मिनिटं कमी होती. आम्ही तिघं बसून राहिलो. मुलगी झोपली होती. स्वप्नाने चहा विचारला, मी नको म्हटलं, तरी तिने ठेवला. मी मनात वाक्यं जुळवत होते, की फोन आला की आधी जुईला सांगेन, हा माणूस किती चांगला आहे, मग दाबेन. मग आठवलं की तिला ऐकू येत नाही.

फोन आला. सुमेध म्हणाला, "स्पीकरवर टाका, म्हणजे नीट लागलं की नाय ते कळेल."

"नमस्कार, मी जुई, आपली डिजिटल मैत्रीण. तंत्रज्ञ सुमेध तांबे यांच्यावर झालेल्या कारवाईने आपण समाधानी असाल तर एक दाबा. नसाल तर दोन दाबा."

स्वप्ना शिलाईच्या कपड्याकडे बघत होती. मी एक दाबलं.

"धन्यवाद. कारवाई पुरेशी वाटली असेल तर एक दाबा. अधिक कडक हवी असेल तर दोन दाबा."

मी पुन्हा एक दाबलं.

"आपल्याला न्याय मिळाला याचा आम्हाला आनंद आहे."

फोन बंद झाला. सुमेधने कॅलेंडरसमोर जाऊन बोटाने दिवस मोजले, एकदा चुकला, परत मोजले. मग वळून म्हणाला, "थँक्यू काकू." त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचं हसू होतं. तो मनापासून आभार मानत होता, आणि ते मला स्वप्नाच्या बोलण्याहून जास्त लागलं.